पांढरा डबा आणि घरची बाटली : अमेरिकेतील बिअरची दोन रूपे

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सुपरमार्केटांत एक विचित्र डबा विक्रीस येऊ लागला. पांढरा पत्रा आणि त्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत एकच शब्द : ‘बिअर’. ना कारखान्याचे नाव, ना डोंगरदऱ्यांचे चित्र, ना सुवर्णपदकांची माळ. महागाईने गांजलेल्या ग्राहकांसाठी दुकानदारांनी साबण, डबाबंद भाज्या, कागदी रुमाल अशा वस्तू बिननावाच्या वेष्टनात स्वस्तात विकायला काढल्या होत्या. बिअरही त्याच फळीवर जाऊन बसली. १९८४ च्या ‘रेपो मॅन’ या चित्रपटात असे बिननावी डबे जागोजागी दिसतात. त्या काळी महाविद्यालयात असलेली पिढी आज या डब्याची आठवण निघाली की हसते. तथापि तो डबा एका अर्थाने प्रामाणिकच म्हटला पाहिजे. नावाजलेल्या कंपन्यांची बिअरही तोपर्यंत चवीने इतकी एकसारखी झाली होती की, लेबल झाकल्यास कोणती कोणाची हे सांगणे कठीण जावे.

अशी स्थिती एका रात्रीत आली नव्हती. १८७३ मध्ये अमेरिकेत ४,१३१ ब्रुअरी होत्या. गावोगावी जर्मन स्थलांतरितांनी घातलेल्या या भट्ट्या त्या त्या गावापुरती बिअर पुरवीत. पुढे रेल्वे, शीतकरण आणि बाटलीबंद मालाने मोठ्यांना आणखी मोठे केले. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ या दारूबंदीच्या काळाने लहानांचे कंबरडेच मोडले. बंदी उठल्यावर जे पुन्हा उभे राहिले, त्यांना महायुद्धानंतर दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या खर्चाने गिळले. १९७० चे दशक संपताना देशात शंभरही कंपन्या उरल्या नव्हत्या आणि ज्या होत्या त्या जवळजवळ सर्वच फिकट, हलकी, बर्फासारखी गार करून प्यावी अशी लागर बनवीत होत्या. मक्याचा वा तांदळाचा अंश घालून बार्लीचा खर्च वाचवायचा आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेला जेमतेम जाणवेल इतकाच ठेवायचा, ही तेव्हाची रीत.

या काटकसरीचा सर्वांत करुण अध्याय मिलवॉकी शहरातील श्लिट्झ या कंपनीने लिहिला. १९५० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक खपाचा मान मिरविणारी ही बिअर सत्तरच्या दशकातही दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्या क्रमांकावरील बडवायझरला गाठण्यासाठी व्यवस्थापनाने खर्च कापण्याचा सपाटा लावला. काही प्रमाणात माल्टच्या जागी मक्याचे सिरप आले, ताज्या हॉप्सच्या जागी त्याच्या दाबलेल्या गोळ्या आल्या, आंबविण्याचा काळ घटविण्यात आला. प्रत्येक बदल इतका लहान, की चाखणाऱ्यालाही कालच्या आणि आजच्या बिअरमध्ये फरक कळू नये. पण दहा वर्षांपूर्वीची बाटली शेजारी ठेवली असती तर तो लगेच कळला असता. १९७६ मध्ये सरकार घटकपदार्थ लेबलवर छापण्याची सक्ती करील या भीतीने कंपनीने बिअर गढूळ होऊ न देणारा पदार्थ बदलला. नवा पदार्थ गाळताना निघून जाणारा असल्याने त्याचा उल्लेख करावा लागणार नव्हता. दुर्दैवाने फेस टिकविण्यासाठी घातलेल्या दुसऱ्या पदार्थाशी त्याचे जमले नाही आणि बाटलीत पांढरे कण तरंगू लागले. अखेर सुमारे एक कोटी बाटल्या आणि डबे परत घ्यावे लागले. पुढच्या वर्षीच्या जाहिरातींत पिळदार इसम ‘माझी श्लिट्झ काढून घ्याल तर याद राखा’ अशा सुरात गुरकावताना दाखविले गेले. प्रेक्षकांना त्या विनोदी न वाटता धमकावणाऱ्या वाटल्या. १९८१ मध्ये कामगारांनी संप केला, त्याच वर्षी मिलवॉकीतील कारखान्याला कायमचे टाळे लागले आणि १९८२ मध्ये डेट्रॉइटच्या स्ट्रो कंपनीने श्लिट्झ विकत घेतली. चव बिघडविण्याचे निर्णय संचालकांच्या खोलीत झाले, नोकऱ्या मात्र भट्टीवर राबणाऱ्यांच्या गेल्या.

ज्यांना ही बिअर नको होती त्यांच्यापुढे एकच मार्ग होता : घरी बनविणे. गंमत अशी, की तो बेकायदा होता. दारूबंदीच्या काळात माल्टच्या सिरपचे डबे पाव-बिस्किटांसाठी म्हणून दुकानात उघड विकले जात आणि त्यांतून घरोघरी कशीबशी बिअर होई. तिच्या आंबूस वासाच्या कथा जुन्या कुटुंबांत अजून सांगतात. बंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअरला नाही. लघुलेखकाच्या हातून ‘किंवा बिअर’ एवढे शब्द गळाले, अशी एक दंतकथा आहे. कारण काहीही असो, पुढची साडेचार दशके स्वयंपाकघरात पाच गॅलन बिअर लावणारा गृहस्थ तांत्रिकदृष्ट्या गुन्हेगारच होता.

ही त्रुटी दूर झाली ती १४ ऑक्टोबर १९७८ रोजी. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेले ते विधेयक मुळात मालमोटारींवरील अबकारी कराशी संबंधित होते. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीमुळे त्यात घरगुती बिअरचे कलम आले. १ फेब्रुवारी १९७९ पासून प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनविता येऊ लागली. अट एकच, ती विकायची नाही. अंतिम अधिकार राज्यांकडे राहिल्याने अलाबामा आणि मिसिसिपी येथील हौशी मंडळींना मात्र २०१३ पर्यंत थांबावे लागले.

कायदा येण्याआधीच हौस मूळ धरून होती. कोलोरॅडोतील बोल्डर गावी चार्ली पापाझियन हा अणुअभियांत्रिकी शिकलेला तरुण शाळेत शिकवीत असे आणि संध्याकाळी लोकांना बिअर बनविण्याचे धडे देत असे. १९७८ मध्ये त्याने सहकाऱ्यासह अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापन केली. १९८४ साली प्रसिद्ध झालेले ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रुइंग’ हे त्याचे पुस्तक या छंदाची पोथीच ठरले. कॅलिफोर्नियात जॅक मॅकऑलिफ या माजी नौसैनिकाने स्कॉटलंडमधील मुक्कामात तिथल्या एलची चव चाखली होती. मायदेशी तशी काही मिळेना म्हणून त्याने १९७६ मध्ये सोनोमा येथे जुनी दुग्धशाळेची यंत्रे आणि पिंपे जोडून न्यू आल्बियन ही ब्रुअरी उभी केली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण पाहणाऱ्यांना धडा मिळाला. त्यांपैकी एक केन ग्रॉसमन. चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालविणाऱ्या या तरुणाने १९८० मध्ये भागीदारासह सिएरा नेवाडा सुरू केली. कॅस्केड जातीच्या हॉप्सचा द्राक्षफळासारखा, काहीसा देवदारी दर्प असलेली तिची पेल एल ही पुढे ‘क्राफ्ट बिअर’ म्हणून जे ओळखले गेले त्याचा नमुना ठरली. कॅस्केड हॉप्स ऑरेगॉनमधील सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये बाहेर पडले होते. त्याला खरे चाहते मिळाले ते या लहान भट्ट्यांत.

घरची बिअर बनते कशी? पद्धत गूढ मुळीच नाही. बार्लीला (आपल्याकडील सातू) मोड आणून ती वाळविली आणि भाजली की माल्ट होते. ते सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरविले असता पिठाची साखर होते. नवशिक्यांसाठी हाच अर्क पाकाच्या वा भुकटीच्या स्वरूपात तयार मिळतो. हा गोड काढा तासभर उकळायचा, त्यात हॉप्स या वेलीची फुले घालायची. आधी घातलेली कडवटपणा देतात, शेवटी घातलेली सुगंध. नंतर काढा झटपट थंड करून झाकणबंद बादलीत ओतायचा आणि यीस्ट सोडायचे. झाकणाला पाण्याची एकमार्गी नळी असते. दुसऱ्या दिवसापासून तिच्यातून बुडबुडे येऊ लागतात आणि घरातील लहान मुलांसह सगळे तिच्यासमोर उकिडवे बसतात, हा या छंदातला सार्वत्रिक प्रसंग आहे. एलच्या जातीला १८ ते २२ अंश तापमान मानवते. घनतामापकावर आकडा १.०५० वरून १.०१२ पर्यंत उतरला तर बिअरमध्ये साधारण पाच टक्के मद्यार्क तयार झाला असे समजावे.

खरी कसोटी स्वच्छतेची. काढा उकळून थंड झाला की त्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, अन्यथा यीस्टआधी जिवाणू पंगतीला बसतात आणि बिअर आंबट होते. दुसरा धोका बाटल्या भरताना असतो. फेसासाठी पाच गॅलनला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर पुरते. हात सैल सुटला किंवा आंबणे पुरे होण्याआधीच बुचे ठोकली, तर कपाटातल्या बाटल्या एकामागून एक फुटतात. तपकिरी बाटलीचा आग्रहही शोभेसाठी नव्हे. प्रकाशाने हॉप्समधील घटक बिघडून बिअरला उग्र दर्प येतो. पांढरी वा हिरवी काच तो अडवू शकत नाही.

इथे एक गोष्ट हौशी मंडळी उशिरा, पण हमखास शिकतात. ज्या स्वस्त लागरची ती टिंगल करतात, ती घरी बनविणे सर्वांत अवघड. काळ्या, कडू किंवा मसालेदार बिअरमध्ये दोष लपतात. फिकट लागरमध्ये लपायला जागाच नसते. तिला आठ-बारा अंशांवर आठवडाभराहून अधिक काळ आंबवावे लागते आणि नंतर गोठणबिंदूजवळ महिनाभर मुरवावे लागते. लाखो डबे, प्रत्येकाची चव तीच, हे साधणारे कारखान्यातील रसायनतज्ज्ञ अडाणी नव्हते. श्लिट्झचे चुकले ते कौशल्यात नव्हे, हिशेबात.

कदाचित म्हणूनच जुन्या स्वस्त बिअरची आठवण निव्वळ उपहासाची नसते. बाल्टिमोरची नॅशनल बोहेमियन, सिएटलची रेनियर, पिट्सबर्गची आयर्न सिटी या नावांशी त्या त्या शहरातील गोदीकामगार, पोलादाच्या भट्ट्या आणि बेसबॉलचे सामने जोडलेले आहेत. नॅशनल बोहेमियनच्या बुचाच्या आतल्या बाजूला चित्रकोडे असे आणि ते सोडविता येईपर्यंत पुढची बाटली उघडायची नाही असे डाव रंगत. यांतील बहुतेक कारखाने बंद झाले, नावे मात्र एका कंपनीकडून दुसरीकडे विकली गेली. पॅब्स्टने मिलवॉकीतील भट्टी १९९६ मध्ये बंद करून स्वतःची बिअर दुसऱ्यांकडून बनवून घेण्यास सुरुवात केली. तरीही २००० नंतर पोर्टलंड येथील सायकलवरून टपाल पोहोचविणाऱ्या तरुणांनी तिचा ‘पॅब्स्ट ब्लू रिबन’ हा डबा डोक्यावर घेतला. जाहिरात नसलेली बिअर, हेच तिचे आकर्षण. श्लिट्झचे नावही यथावकाश पॅब्स्टकडे आले. २००८ मध्ये १९६० च्या दशकातील चवीची श्लिट्झ पुन्हा काढायचे ठरले, तेव्हा जुन्या भट्टीप्रमुखांना गाठून कृती जुळवावी लागली.

क्राफ्ट बिअरचे पुढचे चित्रही सरळ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील ब्रुअरींच्या संख्येने १८७३ चा विक्रम मोडला आणि नंतर ती नऊ हजारांवर गेली. पण २०२४ मध्ये नव्याने उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या अधिक निघाल्या. त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुइंग कंपनीने व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. धुलाईयंत्रांच्या प्रसिद्ध कुटुंबातील फ्रिट्झ मेटॅग याने १९६५ मध्ये बंद पडण्याच्या बेतात असलेली ही भट्टी वाचविली होती आणि क्राफ्ट चळवळीची सुरुवात अनेक जण तिथूनच मोजतात. २०१७ मध्ये ती जपानच्या सापोरोकडे गेली होती. २०२४ मध्ये दह्याच्या व्यवसायातील उद्योजक हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली.

महाराष्ट्रात या लाटेचे पहिले पाऊल २००९ मध्ये पुण्यात पडले. कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांना वेड लागे, त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. तोवर मराठी शहरी माणसाची बिअर म्हणजे ६५० मिलिलिटरची बाटली : लंडन पिल्सनर, किंगफिशर किंवा गोल्डन ईगल. वसतिगृहांत ती पाण्याच्या ग्लासात उलटी धरून ‘ग्लिसरिन’ उतरविण्याचा विधी होई. खाली उतरे ती खरे तर पाण्याहून जड असलेली बिअरच, पण विधी श्रद्धेने चाले.

घरी बिअर लावण्याची मुभा मात्र इथे नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ते विक्रीसाठी असो वा स्वतःसाठी. बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे असून त्यासाठीही परवाना लागतो.