वजन न टाकता खडक फोडणारं ड्रिल

खडकात भोक पाडायचं तर यंत्रामागे वजन लागतं. पृथ्वीवर ते फुकट मिळतं. मंगळावरचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्केच. तिथे हलक्या गाडीने ड्रिल खडकावर दाबलं, तर गाडीच वर उचलली जायची. 2000च्या सुमारास नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या योसेफ बार-कोहेन आणि स्टुअर्ट शेरिट यांनी सायबरसॉनिक्स कंपनीसोबत यावर तोड काढली. त्यांच्या ड्रिलचं एक छायाचित्र गाजलं: यंत्र नुसत्या वायरीला धरलेलं, आणि खाली वालुकाश्मात भोक पडतंय.

त्याची मुळं खाणीत नाहीत. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. वीज दिली तर स्फटिक हलेल, हे पुढच्या वर्षी भौतिकशास्त्रज्ञ लिपमानने गणिताने मांडलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँने क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी तुकड्यांमध्ये बसवल्या. ही रचना आजही या ड्रिलचं इंजिन आहे, फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिक आलंय. 1940च्या दशकात लुईस बालामुथने कंप पावणारं हत्यार आणि खरवडणारी भुकटी वापरून काच कोरायची रीत शोधली. तिथून हे तंत्र दंतवैद्याकडे गेलं. त्याच्याच खुर्चीत बसून नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमनला मोतीबिंदू फोडून काढायची कल्पना सुचली. 1967 पासूनची ती शस्त्रक्रिया आपल्याकडे ‘फेको’ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र खडकाला ही नाजूक थरथर पुरत नाही. सेकंदाला वीस हजार कंपनं असली, तरी प्रत्येक कंपन काही मायक्रॉनचं. माझ्या मते खरी अक्कल आहे ती पुढच्या युक्तीत. थरथरणारं टोक आणि ड्रिलची दांडी यांच्यामध्ये धातूचा एक मोकळा तुकडा ठेवला. तो टोकावरून उडतो, दांडीवर आदळतो, परत येतो. वीस हजार कंपनांचे असे सेकंदाला फार तर हजारभर ठोके होतात, कधी साठ-सत्तरच. पण प्रत्येक ठोका पाथरवटाच्या छिन्नीसारखा, खडकाला तडा देणारा. वरून दाब लागतो 10 न्यूटनहून कमी, म्हणजे किलोभर वजनाएवढा. दांडी फिरवावी लागत नाही, म्हणून ती गोल असायची गरज नाही, धारदारही नाही.

बर्फाने मात्र अडवलं. 2005 मध्ये ‘गोफर’ नावाचं भावंड अंटार्क्टिकातल्या विडा सरोवराच्या बर्फात उतरवलं. ते पावणेदोन मीटर गेलं. फोडणं जमत होतं, चुरा बाहेर येत नव्हता. न फिरणं हा ज्याचा अभिमान, त्याच्या पुढच्या अवताराला, ‘ऑटो-गोफर’ला, चुरा उपसण्यासाठी मोटार लावून फिरवावंच लागलं. 2012 मध्ये कॅलिफोर्नियात बोरेगो स्प्रिंग्जजवळच्या जिप्समच्या खाणीत ते 3 मीटर खोल गेलं.