नसलेल्या विमानाची प्रतिकृती

१९८६ साली अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत प्लास्टिकच्या विमानाचा एक नवा संच आला. कंपनी टेस्टर्स, प्रमाण एकास अठ्ठेचाळीस, नाव ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’. काळे, गुळगुळीत, माशासारखे गोलाईदार विमान. शेपटीचे दोन पंख आतल्या बाजूला झुकलेले. रडारला जवळजवळ न दिसणारे असे लढाऊ विमान आपल्यापाशी आहे, हे अमेरिकी हवाई दलाने तोवर कबूल केले नव्हते. नावातला आकडासुद्धा तर्कानेच आलेला. एफ-१८ नंतर यादीत एकदम एफ-२० उगवले, तेव्हा मधले एकोणीस कुठेतरी दडवून ठेवले असणार, असा विमानवेड्यांचा हिशेब होता.

विमानांच्या प्रतिकृती म्हणजे पोरखेळ, असे अमेरिकी सरकारने त्याआधी कधी मानले नव्हते. १९४२ मध्ये नौदलानेच शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या, एकास बहात्तर या प्रमाणात. या प्रमाणाची प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसावे तेवढीच ती दिसते. आपले कोणते आणि शत्रूचे कोणते, हे तोफेवरच्या सैनिकाला क्षणात कळले पाहिजे, म्हणून प्रतिकृती अचूक हवी. हा छंद करणारी माणसे आजही त्याच शिस्तीची आहेत. पत्र्यांच्या सांध्याची रेघ एक पंचमांश मिलिमीटर रुंद कोरली, तर बहात्तरपट केल्यावर खऱ्या विमानावर ती जवळपास दीड सेंटिमीटरची फट होते, आणि असे विमान उडवायला कोणी धजणार नाही, यावर ही मंडळी तासन्‌तास वाद घालतात. (मला हे वाद आवडतात. शुद्धलेखनाच्या वादांहून त्यांत निदान मोजता येण्याजोगे काही असते.)

पण जे विमान कुणी पाहिलेलेच नाही, त्याची अचूक प्रतिकृती करायची कशी? टेस्टर्सचे रचनाकार जॉन अँड्र्यूज यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हाताशी छापील बातम्या, अफवा आणि तर्क. हे काम लॉकहीड कंपनीकडे असणार, अशी कुजबुज होती, आणि लॉकहीडचे एसआर-७१ सर्वांनी पाहिलेले होते: वाहत्या कडांचे, आत झुकलेल्या शेपटीचे. रडारच्या लहरी परतू नयेत म्हणून कोपरे टाळून सगळे गोल करावे, हेही पटण्यासारखे होते. संच धडाक्यात खपला. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळच्या जंगलात एक लष्करी विमान कोसळले आणि वैमानिक ठार झाला. सारा परिसर बंद करण्यात आला. विमान कोणते, हे हवाई दलाने सांगितले नाही. लॉकहीडकडची गोपनीय कागदपत्रे नीट सांभाळली जात नाहीत, या तक्रारीवरून अमेरिकी संसदेत सुनावणी झाली, तेव्हा या खेळण्याचाही विषय निघाला. ज्याच्यासाठी आम्ही पैसा मंजूर करतो ते विमान आम्हाला पाहता येत नाही, आणि दुकानात मात्र ते खोक्यात मिळते, ही लोकप्रतिनिधींची तक्रार होती. तक्रार रास्तच होती, फक्त खोक्यात ते विमान नव्हते.

खरे विमान १९८१ च्या जूनमध्येच पहिल्यांदा उडाले होते आणि नेवाडाच्या वाळवंटातल्या टोनोपाह इथून रात्रीच्या अंधारात त्याचे उड्डाण चाले. त्याची मुळे मॉस्कोत छापलेल्या एका शोधनिबंधात होती. कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मांडले. सोव्हिएत सत्तेला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. लॉकहीडमधल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाने ते अनुवादात वाचले. पण त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचा हिशेब झेपत नव्हता, सपाट तुकड्यांचा झेपत होता. म्हणून विमानच सपाट तुकड्यांचे करायचे ठरले. कंपनीतल्याच लोकांनी त्या आकाराला ‘होपलेस डायमंड’ म्हणजे निराशाजनक हिरा असे नाव ठेवले. त्याचा लाकडी नमुना मोहावी वाळवंटात खांबावर चढवून रडारने तपासला. रडारवाल्याला वाटले, नमुना खांबावरून पडला असावा. मग पडद्यावर काहीतरी उमटले. विभागप्रमुख बेन रिच यांनी पुढे लिहिले, की तो नमुन्यावर येऊन बसलेला एक काळा पक्षी होता.

१० नोव्हेंबर १९८८ रोजी हवाई दलाने एक अस्पष्ट छायाचित्र प्रसिद्ध केले. नाव एफ-११७. एकोणीस आकडा नव्हता आणि गोलाई तर नावालाही नव्हती. नवख्या पोराने पुठ्ठा कापून चिकटवावा तसे दिसणारे, शेपटीचे पंख बाहेर पसरलेले विमान. टेस्टर्सच्या संचाशी त्याचा मेळ फक्त काळ्या रंगापुरता. अँड्र्यूज यांची चूक हातकौशल्यात नव्हती. विमान सुंदर असायलाच हवे, या दोन पिढ्यांच्या सवयीने त्यांना चकवले होते. आणि ज्या लीकची संसदेला भीती वाटली, ती त्या खोक्यातून झालीच नव्हती. उलट, बघ्यांची नजर इतकी छान दुसरीकडे वळवणे हवाई दलालाही ठरवून जमले नसते.

त्या छायाचित्रानेही प्रतिकृतीकारांना पुन्हा फसवले. ते अशा कोनातून घेतले होते, की पंख किती मागे वळलेले आहेत हे कळू नये. त्यावरून घाईने काढलेल्या चित्रांत पंख खऱ्यापेक्षा बरेच आडवे आले. १९९० च्या एप्रिलमध्ये नेलिस तळावर विमान लोकांपुढे उभे केले, तेव्हा कुठे मापे जुळू लागली. टेस्टर्सचे जुने खोके मात्र संग्राहक अजून शोधून विकत घेतात, आणि त्यातले विमान सूचनापत्रकाबरहुकूम, शेपटी आत झुकवून, अगदी काटेकोर जोडतात.