ओल्या चुन्यावरचे रंग : फ्रेस्कोची कुळकथा

इटालियन भाषेत ‘फ्रेस्को’ म्हणजे ताजे. भिंतीवरच्या कुठल्याही जुन्या चित्राला आज हा शब्द सरसकट लावतात, पण त्याचा मूळ अर्थ नेमका आहे: चुन्याचा गिलावा ओला असतानाच काढलेले चित्र. यात रंगाला अंडे, डिंक किंवा सरस लागत नाही. नुसत्या पाण्यात खललेली रंगपूड ओल्या चुन्यात मुरते. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे पकडले जातात.

ही रीत प्राचीन रोमनांना ठाऊक होती; पाँपेईच्या भिंती साक्षीला आहेत. मात्र तिला शिस्त आणली ती तेराव्या शतकाच्या अखेरच्या इटालियन चित्रकारांनी. इ. स. 1400च्या सुमारास चेन्निनो चेन्निनीने ती आपल्या हस्तपुस्तिकेत लिहून ठेवली. आधी जाडाभरडा थर, त्यावर तांबड्या मातीने रेखाटन. ही माती काळ्या समुद्राकाठच्या सिनोप बंदरावरून ओळखली जाई, म्हणून त्या रेखाटनाला ‘सिनोपिया’ म्हणू लागले. मग वरचा गुळगुळीत थर, तोही आज रंगवून होईल तेवढाच. या तुकड्याचे नाव ‘जोर्नाता’, म्हणजे दिवसभराचे काम. संध्याकाळी न रंगवलेला गिलावा कापून टाकायचा आणि उद्याचा तुकडा त्या कडेला भिडवायचा. चूक झाली तर खरवडून पुन्हा लिंपण्यावाचून गत्यंतर नाही. भिंतीवर तिरपा उजेड टाकला की हे सांधे आजही दिसतात. सिस्टाइन चॅपेलच्या छतावरची आदमची आकृती मायकेलअँजेलोने चार दिवसांत रंगवली, हे त्या सांध्यांवरूनच कळले.

चुना मात्र सगळेच रंग सोसत नाही. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये (सुमारे 1305) जोत्तोला अ‍ॅझुराइटचा निळा रंग वाळलेल्या गिलाव्यावर सरस-अंड्यासारख्या बांधणीने लावावा लागला. तिथले चेहरे टिकले, मेरीच्या वस्त्राचा निळा बराचसा झडला. लिओनार्दोला तर दिवसाची ही घाईच मानवेना. मिलानमधले ‘अंतिम भोजन’ त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश रंगवले आणि त्याच्या हयातीतच त्याचे पोपडे सुटू लागले. मायकेलअँजेलोने सिस्टाइनच्या छतावर (1508–1512) ओल्या चुन्याशीच झुंज दिली. गिलाव्यात पाणी जास्त झाल्याने सुरुवातीच्या कामावर बुरशी धरली, तरी त्याने रीत सोडली नाही.

1944च्या जुलैमध्ये तोफगोळ्याने पिसाच्या कांपोसांतो या फ्रेस्कोंनी सजलेल्या दफनभूमीच्या छताला आग लागली, शिसे वितळून भिंतींवर ओघळले. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी वरचा थर उचलला, तेव्हा खालची तांबडी रेखाटने शतकांनंतर उजेडात आली. आज त्यांचे वेगळे संग्रहालय आहे.

अजिंठ्याच्या चित्रांनाही पुष्कळदा फ्रेस्को म्हटले जाते. ती मातीच्या लेपावर, चुन्याचा पातळ हात वाळल्यावर, बांधणी मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत. त्यांना भित्तिचित्रे म्हणणेच योग्य.