सर्पगंधेची मुळी

पावसाळ्यात कोकणातल्या रानात झाडांच्या सावलीला हात-दीड हात उंचीचे एक झुडूप दिसते. अर्थात नशीब असेल तर. पेराशी तीन-तीन पाने, तांबड्या देठांवर पांढऱ्या, किंचित गुलाबी फुलांचा झुबका, पुढे काळीजांभळी फळे. ही सर्पगंधा.

सर्पदंशावर तिची मुळी उगाळून देण्याची चाल जुनी. साप चावला तर मात्र मुळी शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तिची खरी करामत निराळीच. उत्तरेकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. माथे भडकलेला माणूस या मुळीने शांत झोपी जाई, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते.

शास्त्राची नजर तिच्याकडे वळली १९३१ च्या सुमारास. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर नि रक्तदाबावर तिचा गुण येतो, असे त्या साली छापून सांगितले. तिकडे दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतली द्रव्ये वेगळी काढली, आणि एकाला हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. औषधाच्या नावात आपल्याकडचा हकीम असा क्वचितच सापडायचा!

पण जगाने कान टवकारले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा आपला अनुभव त्यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडातल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून 'रिसर्पीन' काढले. अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांतही ते पोचले.

हे द्रव्य मज्जातंतूंतले निरोप्यांचे साठेच रिकामे करते. म्हणून रक्तदाब उतरतो, मन निवते. पण काहींचे मन इतके खचते की जीव नकोसा होतो. पुढे अधिक सोयीची औषधे आली नि रिसर्पीन मागे पडले. तेव्हा कोणी बाजारात 'बीपीची मुळी' म्हणून पुडी बांधून देऊ लागला, तर ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. चालू असलेली गोळी तर मुळीच सोडू नये.

या कीर्तीचा भुर्दंड झुडपाला पडला. पाला खुडला तर झाड फुटते. मुळी खणली की झाडच गेले. रानेच्या राने अशी रिकामी झाली. १९९० पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. शाळेच्या बागेत लावायची तर गुरुजींनी एक ध्यानात ठेवावे: बी फार थोडे रुजते. मुळाचे तुकडे लावले तरी रोप होते.