शनवार तेल्यांच्या पोरांची शाळा

पैनगंगेच्या आमच्या काठाला कापूस आणि तूर, पलीकडे टिपेश्वरचं जंगल. भीमपुरात ज्यू माणूस कुणी पाहिलेला नाही. तरी आमच्या घरात शनवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या, गोष्टी होत्या, कारण आजीचं माहेर अलिबागकडचं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, त्यांचा हा वंश, असं ती सांगे. "शनवारी घाणा जुंपायचे नाहीत बघ. बाकी बोलणं, लुगडं, सगळं आपलंच."

शेजारच्या इस्रायली घरातली काकी कोळणीच्या पाटीतून पापलेट निवडून घेई, कोळंबीला हात लावत नसे. नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. आजीच्या वाट्याला त्यातली मूठभर यायची आणि सत्तर वर्षांनीही तिला तिची चव आठवायची.

शाळेची गोष्ट तिनं आपल्या आज्याकडून ऐकलेली. पाद्र्यांच्या शाळेत इस्रायली पोरं फार, आणि मास्तरही त्यांच्यातलेच. पुढे मी वाचत गेलो तेव्हा म्हाताऱ्याची गोष्ट खरी निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले. त्यांच्या शाळांत बेने इस्रायलांची मुलं शिकली, मोठी माणसं शिक्षक झाली. 1829 साली स्कॉटलंडहून पाद्री जॉन विल्सन आले. शनिवार, सुंता, खाण्याचे नियम आणि शमाची प्रार्थना एवढं बेने इस्रायल समाजानं शतकानुशतकं जपलं होतं. हिब्रू वाचणारे मात्र त्यांच्यात थोडेच उरले होते. विल्सननी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी पुस्तिका लिहून मदतीचं आवाहनही केलं.

हेतू धर्मांतराचा होता आणि विल्सननी तो लपवला नाही. दयेच्या पोटात अशी अट असू नये, असं माझं ठाम मत आहे. बाप्तिस्मा घेतला तो अगदी मोजक्यांनी. बाकीच्यांनी अक्षरं घेतली आणि त्याच अक्षरांनी आपला धर्म घट्ट केला. मिशनच्याच शाळेत शिकलेल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. 1874 साली पुण्यात वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह छापून निघाली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला आणि त्यात विल्सन यांच्या उपकारांची नोंद मोकळ्या मनानं केली. मला यात केहिमकरांचा मोठेपणा दिसतो. धर्म सोडायचा नाही आणि उपकारही विसरायचा नाही, हे दोन्ही एकाच माणसाला साधलं.

विल्सन 1875 साली मुंबईतच वारले. त्याच वर्षी केहिमकरांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. शाळा सर एली कदुरी या नावानं माझगावात राहिली, आणि पुढे तिच्या वर्गांत बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आली.