एंजिन-तेलपातळी सूचक मंडल : दोषशोधन

एंजिन-तेलपातळी सूचक मंडल : मोटारगाडीच्या एंजिनाखालील तेलपात्रात, म्हणजे कारागीर ज्याला 'चेंबर' म्हणतात त्यात, वंगण तेल किमान मर्यादेच्या खाली उतरले असता चालकापुढील मीटरवर दिवा लावून त्याला सावध करणारी विद्युत् योजना. संवेदक, त्याच्या तारा, त्यांना जोडणारे कपलर, फ्यूज, नियंत्रक, दिवा आणि गाडीच्या सांगाड्याशी असलेला तो सांधा, ज्याला गॅरेजात नुसते 'अर्थ' म्हणतात आणि जो सैल झाला असता साऱ्या मंडलाचा अनर्थ होतो, हे या योजनेचे घटक होत. यांपैकी कोणताही एक बिघडला म्हणजे दोनांपैकी एक गोष्ट घडते : चेंबरात तेल पुरेसे असता दिवा खोटी फिर्याद करू लागतो, किंवा तेल संपत आले असता तो मूग गिळून बसतो. पहिला दोष मालकाचे डोके उठवतो, दुसरा एंजिनाचा घात करतो. तथापि दुरुस्तीस येणाऱ्या गाड्या बहुधा पहिल्या प्रकारच्याच असतात, कारण न लागणाऱ्या दिव्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही.

पातळीविषयी दोन साक्षी असाव्यात आणि त्या परस्परांशी ताडून पाहाव्यात, हा या दोषशोधनाचा पाया नाशिककराला निराळा शिकवावा लागू नये. गोदावरीला पूर आला म्हणजे गंगापूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले असा पाटबंधारे खात्याचा आकडा शहरभर फिरतो, परंतु रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, की ते छातीपर्यंत चढले, हे स्वतः पाहिल्यावाचून किंवा पाहून आलेल्याच्या तोंडून ऐकल्यावाचून गोदाकाठच्या दुकानदाराची खातरजमा होत नाही. मोटारीतला दिवा म्हणजे तो खात्याचा आकडा. आणि तेलपट्टी, जिला बाजारात डीपस्टिक म्हणतात, ती म्हणजे तो मारुती. दिव्याने काहीही सांगितले तरी तपासाचा प्रारंभ पट्टीपासून व्हावा, मल्टिमीटरपासून किंवा स्कॅनरपासून नव्हे.

पट्टी पाहण्याचीही रीत आहे. गाडी सपाट जागी उभी करून, गरम एंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, वरच्या भागात अडकलेले तेल चेंबरात उतरू द्यावे; मग पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण बसवून काढावी आणि तेलाची रेघ दोन खुणांच्या दरम्यान कोठे आहे ते वाचावे. लहान मोटारींत या दोन खुणांमधले अंतर सामान्यतः एक लिटरच्या आसपासच्या तेलाचे असते. गाडीचे तोंड चढाला करून उभ्या केलेल्या मोटारीची पट्टी आणि तिचा संवेदक हे दोघेही चुकीची जबानी देतात, आणि संवेदक एका बाजूस असेल तर दोघांच्या चुका परस्परविरुद्ध दिशांनाही जाऊ शकतात. कसारा घाटात किंवा वणीच्या गडाच्या चढावर दिवा लुकलुकला आणि सपाटीवर आल्यावर विझला, तर प्रथम तेल कमी असल्याचा संशय घ्यावा, वायरिंगचा नंतर. कारण काठावर आलेली पातळीच उतारावर खाली-वर होते, पुरेशी असलेली सहसा होत नाही.

येथे एक घोटाळा निवारणे अवश्य आहे. आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत, सर्वपरिचित मारुती ८०० सुद्धा त्यांतच आली, जो तेलाचा लाल दिवा असतो तो पातळीचा नसून दाबाचा असतो. तो चावी फिरवताच लागतो, एंजिन सुरू होऊन तेलाचा दाब साधारणतः अर्ध्या बारच्या आसपास पोहोचला की विझतो, आणि चालत्या गाडीत पुन्हा लागला तर एंजिन तत्काळ बंद करण्याचा तो हुकूम असतो. पातळीचा दिवा बहुधा पिवळा असतो, तेलाच्या झारीखाली लाटेची रेघ ही त्याची खूण, आणि त्याचे म्हणणे विनंतीवजा असते. पिवळ्याच्या दुरुस्तीसाठी लाल दिव्याचा स्विच बदलून पैसे वसूल झाल्याची उदाहरणे विरळ नाहीत. रेनोच्या अनेक मोटारींत एंजिन सुरू करण्यापूर्वी पातळी दाखवण्याची सोय फार दिवसांपासून आढळते. त्याच घराण्याची लोगन ही मोटार २००७ साली महिंद्र कंपनीच्या भागीदारीत नाशिक येथेच तयार होऊन बाजारात आली.

संवेदकाचे प्रकार तीन, आणि दोष कोठे शोधावा हे प्रकारावर अवलंबून असल्यामुळे ते आधी ओळखले पाहिजेत. पहिला तरंगकाचा : तेलावर तरंगणाऱ्या खोक्यात चुंबक असतो व तो खाली उतरला की नळीतला स्विच जुळतो किंवा तुटतो. हा बाहेर काढून हाताने उलटासुलटा केला आणि मल्टिमीटरचा आवाज त्याप्रमाणे लागला-थांबला, तर तो निर्दोष; काळ्या गाळाने तरंगक चिकटणे हाच त्याचा मुख्य रोग. दुसरा तप्त तारेचा, आणि बुद्धीला आव्हान देणारा खरा हाच. एंजिन सुरू होण्यापूर्वी एक-दोन सेकंद या तारेतून ठरावीक प्रवाह सोडतात. तारेचा जितका भाग तेलात बुडालेला तितका तो थंड राहतो, जितका हवेत तितका तापतो, आणि तापलेल्या धातूचा विद्युत् रोध वाढत असल्यामुळे त्या वाढीवरून नियंत्रक पातळीचे अनुमान करतो. या तारेचा रोध मुळातच मोजक्या ओहमांचा असल्याने गंजलेल्या कपलरातला दोन-तीन ओहमांचा रोधही मोजणीत भेसळ करतो, आणि संवेदकाचा काही अपराध नसता तो बदलला जातो. पेट्रोलपंपावर एंजिन बंद करून लगेच पुन्हा चावी फिरवली, तर तेल चेंबरात परतलेले नसल्यामुळे हा प्रकार सद्भावनेनेही खोटे बोलू शकतो. तिसरा इलेक्ट्रॉनिक, बहुधा तीन तारांचा : एक पुरवठ्याची, एक अर्थाची, एक संदेशाची. यात मोजमाप संवेदकाच्या आतच होऊन संदेश स्पंदांच्या रूपाने येतो. त्यामुळे याच्यावर ओहमांची परीक्षा व्यर्थ आहे, स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोप पाहिजे.

पट्टीने तेल पुरेसे असल्याचा दाखला दिल्यावर मंडलाचा तपास सुरू होतो. चावी फिरवताच इतर दिव्यांबरोबर हाही क्षणभर लागतो की नाही ते पाहावे. न लागला तर दोष दिवा, फ्यूज किंवा मीटर यांच्या बाजूचा. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास नसेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण मंद बॅटरीवर नियंत्रकाची सगळीच अनुमाने घसरतात. नंतर कपलर सोडवून त्याच्या तोंडात पाहावे : तेथे तेल झिरपलेले दिसले तर संवेदकाचे सील गेले, हिरवट बुरशी दिसली तर पाणी गेले. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टातील गोदावरीच्या पुरांनंतर घाटालगत उभ्या असलेल्या गाड्यांबाबत हा दुसरा संशय सर्वांत आधी घ्यावयास हवा होता. पुराचे पाणी गाडीतून ओसरते, कपलरातून ओसरत नाही, आणि त्याचा परिणाम महिन्यांनी प्रकट होतो. तारांची अखंडता संवेदकापासून नियंत्रकापर्यंत, दोन्ही टोके सोडवून मोजावी. रोध एक ओहमहून कमी असावा, आणि तीच तार सांगाड्याशी मात्र मुळीच जुळता कामा नये. अर्थाची परीक्षा ओहमांनी न करता चालू मंडलात व्होल्टांनी करावी, कारण एकाच धाग्याने लोंबणारी तारही मल्टिमीटरच्या क्षुद्र प्रवाहाला सुखरूप वाट देते. बॅटरीचे ऋण टोक आणि संवेदकाचा अर्थ यांच्यात ०.१ व्होल्टहून अधिक फरक मिळाला तर सांधा घासून पक्का करावा. तरीही दोष कधी दिसतो, कधी लपतो असे होत असेल, तर मीटरकडे नजर ठेवून तारांचा जुडगा हाताने हलवीत जावे. पावसाळ्यात शेताजवळ किंवा बंगल्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली तार नेमकी याच हलवाहलवीत सापडते.

दाबाच्या एकतारी स्विचची तार सांगाड्याला टेकवून दिवा लावून पाहण्याची जुनी युक्ती तेथे ठीक आहे. तप्त तारेच्या किंवा इलेक्ट्रॉनिक मंडलावर ती करणे म्हणजे पाचशेच्या दोषाचा पाच हजारांचा करणे होय. तप्त तारेच्या मंडलात संवेदकाच्या जागी गाडीच्या दुरुस्तीपुस्तकात दिलेल्या रोधाचा तुकडा जोडून नियंत्रकाची वर्तणूक पाहावी. फोक्सवॅगन घराण्याच्या काही गाड्यांत एकदा नोंदलेली सूचना बोनेट उघडल्याचा संदेश मिळेपर्यंत पुसली जात नाही, हेही लक्षात असावे, अन्यथा सुधारलेल्या मंडलावर पुनश्च मेहनत होते. उलटपक्षी, पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसले तर आनंद मानू नये : जास्त भरलेले तेल क्रँकच्या फटक्याने फेसाळते, आणि डिझेल मिसळून वाढलेली पातळी दिव्याला भरपूर तेल म्हणूनच दिसते. त्या पातळीचा वास घ्यावा. डिझेलचा वास मल्टिमीटरला येत नाही.

संवेदक चेंबरात बसणारा असेल तर तो बदलण्यासाठी तेल काढावे लागते, आणि हीच त्याच्या परीक्षेची आयती संधी असते. नवा संवेदक नव्या वॉशरसह बसवून कपलर जोडावा, चेंबर रिकामे असतानाच चावी फिरवावी, एंजिन मात्र कोणत्याही परिस्थितीत सुरू करू नये. या वेळी दिवा लागलाच पाहिजे. मग ठरलेल्या मापाने तेल भरून, पट्टी पाहून, चावी पुन्हा फिरवावी. आता तो विझला पाहिजे. यांपैकी पहिली अर्धी परीक्षा बहुतेक गॅरेजांत होत नाही. ती आपल्यासमक्ष करून दाखवण्याचा आग्रह मालकाने धरावा.