परदेशी जाण्यापूर्वी यलो फीवरची लस: कोणी आणि कधी घ्यावी?

केनियाची सफारी, नायजेरियातली नोकरी किंवा ब्राझीलचा दौरा ठरला असेल, तर तिकिटासोबत यलो फीवरच्या म्हणजेच पीतज्वराच्या लसीचाही विचार करा.

लस का आवश्यक आहे?
पीतज्वर डासांमुळे पसरतो. बऱ्याच रुग्णांना ताप व अंगदुखी होऊन बरे वाटते. मात्र काहींना कावीळ आणि रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. या आजारावर नेमके औषध नाही. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. म्हणूनच बाधित देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

लस कधी घ्यावी?
प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. शक्यतो चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. एकच डोस पुरतो. २०१६ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर वैध मानले जाते.

लस कुठे मिळते?
फक्त सरकारमान्य केंद्रांवर. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडल्यावर काही तासांतच वापरावी लागते. त्यामुळे अनेक केंद्रे ठरावीक वारीच लस देतात. आधी वेळ घ्या, पासपोर्ट सोबत न्या. पिवळ्या पुस्तिकेवरील नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, सही व शिक्का तिथेच तपासा.

डॉक्टरांना काय सांगाल?
ही जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूंची लस आहे. पुढीलपैकी काही असल्यास आधी सांगा:

- अंड्याची तीव्र ॲलर्जी
- कर्करोगाचे उपचार, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइडची औषधे
- थायमस ग्रंथीचा आजार
- गर्भारपण किंवा अंगावर दूध पाजणे
- वय ६० पेक्षा जास्त
- सोबत नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळ

लस देता येत नसेल, तर डॉक्टर तसे लेखी पत्र देतात. ते कुठे चालेल, याची चौकशी आधीच करा.

लसीनंतर
हात दुखणे, किंचित ताप, अंगदुखी काही दिवस राहू शकते. श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे, तीव्र ताप किंवा कावीळ दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

लस घेतली तरी प्रवासात डासांपासून जपा. मलेरिया आणि डेंग्यूपासून ही लस संरक्षण देत नाही.